रोबॉटिक्स स्पर्धेचं १४ आठवड्यांचं पॅकेज: सरांना पाच स्टार, क्लासला तीन

आधीच सांगते, क्लासचं नाव इथे लिहीत नाहीये. खाली जे लिहिलंय त्यातलं काही त्यांना झोंबेल आणि काही इतकं चांगलं आहे की मी त्यांची एजंट आहे असं वाटेल, त्यापेक्षा नकोच. साताऱ्यातल्या लोकांना तसंही कळेलच, तिसरा मजला, लिफ्ट नाही.

तर झालं असं की आमच्या सोसायटीतली आणि शाळेतली मिळून सात पोरं, सगळ्यात लहान पाचवीतला आणि मोठी नववीतली, यांना फर्स्ट लेगो लीगला, म्हणजे लेगोच्या रोबॉटच्या शाळकरी मुलांच्या स्पर्धेला, उतरायचं होतं. २०२४-२५ चा सीझन, थीम सबमर्ज्ड, म्हणजे समुद्राखालचं जग. साताऱ्याला समुद्र कुठला म्हणा, पण ते असो. क्लासवाल्यांचं 'स्पर्धा पॅकेज' होतं, १४ आठवडे, शनिवार-रविवार तीन-तीन तास, पोरामागे १२ हजार, रजिस्ट्रेशन आणि प्रवास वेगळा. किट, मॅट, टेबल क्लासचं. जाहिरातीत लिहिलं होतं 'टीम बांधणीपासून ट्रॉफीपर्यंत'. ट्रॉफीचं पुढे सांगते, टीम बांधणीबद्दल मात्र मनापासून लिहायचंय कारण मी स्वतः बँकेत अकरा माणसांची ब्रांच सांभाळते आणि मला हे जमत नाही.

पहिल्या शनिवारी पालकांची मीटिंग होती. सरांनी इतिहास दोन मिनिटांत उरकला, फर्स्ट ही संस्था डीन केमन यांनी अमेरिकेत १९८९ ला काढली, लेगोबरोबर लहान मुलांची ही लीग १९९८ पासून, आपल्याकडे इंडिया स्टेम फाउंडेशन चालवतं वगैरे. मग फळ्यावर एक गोल काढला, पोळीचे करतो तसे चार तुकडे केले आणि म्हणाले रोबॉट गेम एक, रोबॉट डिझाइन दोन, इनोव्हेशन प्रोजेक्ट (थीममधला एक प्रश्न शोधून त्यावर उपाय सुचवायचा) तीन आणि कोअर व्हॅल्यूज म्हणजे टीम म्हणून कसे वागता ते चार, चौघांना सारखं वजन. एका काकांनी विचारलं, म्हणजे रोबॉट पळाला तरी पंचवीसच टक्के? सर म्हणाले हो, आणि पोरं भांडली तर उरलेले पंचाहत्तर पण धोक्यात. सगळे हसले. मला वाटलं हे पाठ केलेलं वाक्य आहे, नंतर कळलं की नाही, हा माणूस खरंच तसाच चालतो.

पहिले दोन आठवडे रोबॉटला हातच लावू दिला नाही. चिठ्ठ्या काढून कामं वाटली आणि दर तासाला बदलली. कोण पार्ट शोधून देणार, कोण बांधणार, कोण कोड लिहिणार, कोण घड्याळ धरणार, कोण बोलणार. आमचा मुलगा (सातवीत, स्वतःला प्रोग्रॅमर समजतो) पार्ट शोधायच्या कामावर आला तेव्हा घरी येऊन धुसफुसला, की स्पाइक प्राइमच्या (लेगोचं रोबॉट किट) डब्यात ५२८ पार्ट असतात आणि ते सगळे मीच वेचायचे का. पण दोन आठवड्यांनी काय झालं बघा, प्रत्येकाला प्रत्येकाचं काम किती वैतागाचं आहे ते कळलेलं होतं. मग कामं पक्की केली, तीसुद्धा पोरांनीच एकमेकांची सुचवली. नववीतली मुलगी कॅप्टन झाली. ती सगळ्यात हुशार म्हणून नाही, तीच एकटी भांडणात आवाज न चढवता बोलू शकते म्हणून. हे पोरांनी सांगितलेलं कारण आहे, सरांनी नाही.

आणि सगळ्यात लहान तो पाचवीतला, त्याला कोणीच काही देईना. बिल्डिंग करताना पार्ट सांडायचा, कोड त्याला जड जायचा, बोलताना अडखळायचा. त्याला सरांनी लाल कापडी कव्हरची एक जाड वही दिली, किराणा दुकानात उधारीची असते ना तसली. नियम असा की रोबॉटचा प्रत्येक रन वहीत लिहायचा, तारीख, कुठला मिशन (म्हणजे टेबलावर रोबॉटने करायचं एकेक काम), कुठला प्रोग्रॅम, बॅटरी किती, जमला की नाही. दहापैकी आठ वेळा जमला तरच तो मिशन फायनलमध्ये. आणि मोठा नियम हा की 'चालतंय' हा शब्द फक्त वहीवाला बोलू शकतो. कॅप्टन नाही, कोडवाला नाही, सरही नाहीत. मी स्वतः ऐकलंय, सर म्हणाले "अरे वा, चालतंय की" आणि हा एवढासा पोरगा वही उघडून म्हणतो "सर, सहाच झालेत." सर म्हणाले, सॉरी. ओशाळले नाहीत की काही नाही, म्हणाले आणि बाजूला झाले. त्या दिवसापासून त्या पोराची चाल बदलली, त्याची आजी सांगते की तो घरी भातसुद्धा मोजून घ्यायला लागला.

भांडणं झाली का, तर झालीच. देवमाशाला खाऊ घालायचा एक मिशन होता, पाच क्रिल त्याच्या तोंडात न्यायचे, प्रत्येकी १० पॉइंट. क्रिलला आमची पोरं जवळाच म्हणायची. तर जवळा ढकलत न्यायचा की वरून टाकायचा यावर दोन पोरं आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हती, आया सुद्धा जरा तुटक बोलायला लागल्या होत्या. सरांनी समजूत वगैरे काही घातली नाही. म्हणाले दोघं बांधा, पाच-पाच रन, वही सांगेल. ढकलणारा जिंकला ४-२. हरलेल्या पोराला लगेच काम दिलं की आता याचं अटॅचमेंट (रोबॉटला जोडायचं अवजार) सहा सेकंदांत बदलता आलं पाहिजे, ते तू बसव. का, तर मॅच अडीच मिनिटांची असते आणि त्यांना एक अटॅचमेंट काढून दुसरं लावायला १४ सेकंद लागत होते. आपलं हरलेलं डिझाइन विसरून तो पोरगा दुसऱ्याच्या डिझाइनसाठी स्टॉपवॉच घेऊन बसला होता, हे मी डोळ्याने पाहिलं म्हणून लिहिते, ऐकलं असतं तर मला खरं वाटलं नसतं.

आता सरांचा चहा. सरांच्या दोन्ही हातांत कायम काचेचा चहाचा ग्लास असतो. एका हातात नाही, दोन्ही हातांनी धरलेला, रिकामा झाला तरी. मला आधी वाटलं सवय असेल. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी मी बसले होते तिथे, रोबॉट सरळ जाईना, दरवेळी डावीकडे ओढायचा. पोरांनी कोड बघितला, जायरो (दिशा सांगणारा सेन्सर) रिसेट केला, चाकं ओल्या फडक्याने पुसली. आणि मला लांबून दिसत होतं की डाव्या चाकाच्या दांड्यावरचा बारीक बुश, तो चाक घट्ट बसवणारा, तो जागेवर नाही, चाक डुगडुगतंय. सरांना तर दिसतच होतं, ते ग्लास फिरवत होते नुसते. मी घड्याळ लावलं, चाळीस मिनिटं. चाळीस! मनात हिशोब केला की माझ्या फीचे किती रुपये गेले. शेवटी सापडला तो बुश टेबलाखाली, वहीवाल्याला. सरांना मी नंतर जरा चिडूनच विचारलं तर म्हणाले, "मॅडम, मॅचला टेबलापाशी मी नसणार. फक्त पोरं असतात. म्हणून हात भरलेले ठेवतो, नाहीतर जातात आपोआप." आणि ते खरंच आहे, मॅचला टेबलापाशी एका वेळी प्रत्येक बाजूला दोन-दोनच पोरं उभी राहू शकतात, कोच मागे.

टोकनचा पण एक किस्सा सांगते कारण यातून कळतं की तयारी किती बारीक होती. रोबॉट मध्येच अडकला आणि हाताने उचलून आणला की एक टोकन जातो, एकूण सहा असतात. पण सहाच्या सहा राहिले तरी ५० पॉइंट आणि पाच राहिले तरी ५०च, चारला मात्र ३५, मग २५, १५, १०. म्हणजे पहिली उचल फुकट. हे नियमांच्या पुस्तकात आमच्या कॅप्टनने शोधलं. मग त्यांनी ठरवलं की "उचल!" हे ओरडायचा अधिकार एकाच माणसाला, आणि पहिली उचल देवमाशाच्या रनसाठीच राखून ठेवायची कारण तिथेच अडकायची शक्यता जास्त. नाहीतर काय होतं, चार पोरं चार दिशेने ओरडतात आणि टेबलावरचं पोरगं घाबरून नको तेव्हा हात घालतं. सरावात आवाजाची सवय व्हावी म्हणून सर स्पीकर लावणार होते, पण सप्टेंबरात गणपती, खाली रोडवर ढोलपथकाची प्रॅक्टिस, त्यामुळे ती सेवा फुकटात मिळाली.

प्रोजेक्टसाठी पोरं दिवाळीच्या सुट्टीत हर्णै बंदराला जाऊन आली, एकाचा मामा दापोलीला आहे म्हणून. तिथे मासळीचा लिलाव बघितला, खलाशांशी बोलली, जाळी पाण्यात कुठे अडकतात आणि तुटून तिथेच कशी राहतात ते विचारलं. टेबलावर डोलकाठी उभी करायचा मिशन होता, तिथे एका खलाशीकाकांनी खरी डोलकाठी दाखवली म्हटल्यावर पोरं हवेत. यात क्लासचा वाटा शून्य, उलट क्लासच्या ऑफिसातून फोन आला होता की प्रोजेक्टचं 'रेडी प्रेझेंटेशन' ५ हजारात मिळेल, स्क्रिप्टसकट. मी नाही म्हटलं. सरांना हे विचारलं तर त्यांचा चेहरा पडला, म्हणाले ते ऑफिसचं आहे, तुम्ही घेऊ नका. एक स्टार इथे गेला.

अजून तक्रारी सांगून टाकते. टी-शर्ट आदल्या रात्री आले आणि त्यात दोन मोठ्या माणसांच्या साइजचे. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरावाची वेळ कमी आणि 'पुढच्या बॅचसाठी अर्ली बर्ड' जास्त. तिसऱ्या मजल्यावरून आठ बाय चारचं टेबल खाली आणायला बाबा लोकांना बोलावतात, हे पॅकेजमध्ये लिहिलेलं नव्हतं. आणि मुख्य तक्रार स्पर्धेच्या दिवसाची.

स्पर्धा पुण्यात. पहाटे चारला टेम्पो ट्रॅव्हलर निघाली, खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत पोरं गप्प, शिरवळला चहा-बिस्किटं झाली आणि तोंडं सुटली. सरांनी प्रत्येकाच्या गळ्यात एक पट्टी घातली होती, त्यावर त्याचं त्याचं काम, चार-पाच ओळी. एकाकडे चार्जर, एकाकडे एक्स्टेन्शन बोर्ड, एकाकडे ओलं फडकं, आणि हे सामान त्यानेच सांभाळायचं, आईकडे द्यायचं नाही. मला पर्स धरायला कोणी दिली नाही, पहिल्यांदाच. पोरांनी वाटायला कंदी पेढे आणले होते, बाकीच्या टीम बॅज आणि स्टिकर वाटतात, आमच्या टीमच्या नावातच पेढा आहे, एवढंच सांगते. (पंचांना दिले नाहीत, ते घेत नाहीत, आणि देऊ पण नये.)

पिटमध्ये, म्हणजे टीमना तयारीला दिलेल्या जागेत, शेजारच्या टीमचा हब (रोबॉटचा मेंदू) लॅपटॉपला कनेक्टच होईना, पोरं रडकुंडीला आलेली. आमच्या कॅप्टनने जाऊन बघितलं तर त्यांनी हबला नावच दिलं नव्हतं आणि ते भलत्याच टीमच्या हबला जोडायचा प्रयत्न करत होते, तिथे एकाच नावाचे पन्नास हब दिसतात ना. तिने नाव बदलून दिलं, पाच मिनिटं गेली तिची. प्रत्येक मॅचनंतर पंच वागणुकीचे पण मार्क देतात, २, ३ किंवा ४, त्याला ग्रेशियस प्रोफेशनॅलिझम म्हणतात, एमआयटीचे वूडी फ्लॉवर्स म्हणून प्रोफेसर होते त्यांचा शब्द. आमचा वहीवाला त्याला 'हरलो तरी नीट वागायचं' म्हणतो.

पहिली मॅच १८५. ठीक. सरावात २३० च्या आसपास व्हायचे, पण पहिली मॅच, दिवे, माइकवरचा आरडाओरडा, चालायचंच. मग घोळ झाला. क्लासच्या तीन टीम होत्या आणि सर एकटे. ते दुसऱ्या टीमच्या जजिंगकडे गेले आणि आमच्याकडे ऑफिसने पाठवलेला एक असिस्टंट पोरगा आला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा वगैरे. चांगला असेल बिचारा. पण त्याच्या हातात चहाचा ग्लास नव्हता. त्याने लॅपटॉप ओढला, म्हणाला हे वळण मी जरा फाइन ट्यून करतो, इथले आकडे वाढवले, तिथले कमी केले, एक रन केला आणि म्हणाला "चालतंय." वहीवाला म्हणाला दादा दहा रन झाले नाहीत. दादा म्हणाला, अरे वेळ कुठाय. पोरगा दोनदा म्हणाला, मी ऐकलंय, मी तिथेच उभी होते, आणि मीही काही बोलले नाही हे पण लिहिते.

दुसरी मॅच ९०. रोबॉट देवमाशाऐवजी बाजूच्या जहाजावर जाऊन आपटला, तीन टोकन गेले, कोडवाला (म्हणजे आमचाच) टेबलावरच रडायला लागला. पिटमध्ये परत आले तर कोणी कोणाशी बोलेना, एक जण म्हणाला तूच वाट लावलीस, दुसरा म्हणाला मी नाही दादाने. असिस्टंट फोनवर.

सर आले. मला वाटलं आता भाषण देतील, पोरांनो हार मानू नका वगैरे. त्यांनी फक्त विचारलं, "वही कुठाय?" वहीवाल्याने उघडली. आदल्या शनिवारचं पान, प्रोग्रॅमचं नाव, शेवटचं व्हर्जन १७, दहापैकी नऊ. सर म्हणाले मग १७ आहे का लॅपटॉपवर? होतं. असिस्टंटने त्याचं वेगळं सेव्ह केलं होतं, एवढं बरं केलं. पुढची वीस मिनिटं पोरांनी १७ रोबॉटमध्ये टाकून प्रॅक्टिस टेबलवर रन घेतले आणि वहीवाल्याने लिहिले, आणि सर पाठमोरे उभे, ग्लास नव्हता म्हणून हात मागे बांधून. मी जाऊन त्यांना चहा आणून दिला. चाक परत एकदा डावीकडे ओढलं तर अटॅचमेंटवाल्या पोराने खाली न बघताच बोटाने बुश दाबला, दहा सेकंदही नाही लागले.

मध्ये जजिंग झालं, अर्धा तास, पालकांना आत सोडत नाहीत त्यामुळे फार सांगता येणार नाही. पोरं सांगतात की जज म्हणाले तुमच्याकडून झालेली एक चूक सांगा, आणि सगळ्यांनी वहीवाल्याकडे बघितलं. त्याने वही उघडून दुसरी मॅच वाचून दाखवली. अडखळत, पण त्यानेच. रेडी प्रेझेंटेशन घेतलेल्या एका टीमच्या आई नंतर जेवणाच्या रांगेत भेटल्या, म्हणाल्या बोलणं झकास झालं पण प्रश्न आले तेव्हा पोरं एकमेकांकडे बघत बसली.

तिसरी मॅच २४०. तीनपैकी सगळ्यात चांगलीच धरतात, म्हणजे ९० पुसले गेले. दोन टेबलांच्या मध्ये एक पाणबुडी असते, ती आपण समोरच्यांकडे ढकलायची, त्या वेळी समोर तीच हबवाली टीम आली होती, पाणबुडी गेली तेव्हा दोन्हीकडची पोरं ओरडली. मिळालं काय? काही नाही. ट्रॉफी नाही, नॅशनलला सिलेक्शन नाही, एका अवॉर्डसाठी पण नाव नाही. 'टीम बांधणीपासून ट्रॉफीपर्यंत' मधला दुसरा भाग झाला नाही, पण त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तिथे आमच्यापेक्षा चांगल्या टीम होत्या, एकीचा रोबॉट बघून तर मीच टाळ्या वाजवल्या.

परत येताना गाडीत पोरं रडली का तर थोडी. मग खेड शिवापूरच्या टोलपाशी कोणीतरी उरलेले पेढे काढले.

दुसऱ्या दिवशी मी क्लासच्या मालकांना फोन केला, असिस्टंटचं सगळं सांगितलं. ते म्हणाले मॅडम त्याने मदतच केली. मी म्हटलं हो, तेच तर. शेवटी पुढच्या सीझनला पोरामागे दीड हजार सूट देतो म्हणाले. मी म्हटलं सूट नको, लिहून द्या की पिटमध्ये सर असतील आणि एका सरांकडे एकच टीम. ते बघतो म्हणाले. अजून बघतायत.

तुम्ही घ्यावं का? सर शिकवणार असतील तर डोळे झाकून, फी जास्त वाटली तरी. बॅच घेण्याआधी विचारा स्पर्धेला कोण येणार, किती टीमना मिळून, आणि ऑफिसने काही वेगळं विकायला काढलं तर सरळ नाही म्हणा. टेबल उतरवायला दोन धट्टेकट्टे बाबा लागतील. पार्किंग नाही, समोरच्या मंगल कार्यालयात लावतात सगळे, लग्नसराईत तेही नाही.

आणि क्लासवाल्यांना एक निरोप, फोन करणं थांबवा. वहीवाला आता सहावीत गेला, ती लाल वही क्लासची मालमत्ता आहे म्हणून तुम्ही तीन वेळा मागितलीत. त्याची आजी म्हणते देव्हाऱ्याच्या फडताळात आहे, तिथून ती काढणार नाही.